हात थांबला ते वाक्य

वाळत घातलेल्या हिरड्याचा तुरट वास आला की मला शिनोलीतलं आमचं अंगण आठवतं, आणि जुन्नरहून एसटीनं आलेले ते संपादक. त्यांच्या दिवाळी अंकासाठी मी वडील गेल्यावरची कथा पाठवली होती. नाकारलेली कथा पोस्टानं परत करायची नाही, स्वतः नेऊन द्यायची, असा त्यांचा हट्ट होता. आई उन्हात बसून हिरडे हातानं खालीवर करत होती. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून माझे कागद काढले आणि मला काहीच न सांगता ते तिलाच कथा वाचून दाखवायला लागले. मला रागच आला. कथेतली आई तीन पानं रडत होती. माझ्या आईचा हात मात्र एकसारखा चालू होता. मग ते वाक्य आलं, की वडील वळणावरूनच खाकरायचे आणि घरात चहाचं आधण चढायचं. तिचा हात हिरड्यातच थांबला. "एवढं खरं व्हतं," ती म्हणाली. संपादकांनी कागद माझ्याकडे दिले. "कथा छापत नाही. आईंचा हात थांबला, तिथून परत लिहा." लिहिली, आणि ती छापूनही आली. आता आई आणि ते संपादक, दोघंही नाहीत. नकार मोबाईलवर येतो, दोन ओळींचा, अगदी सभ्य. परवा अशीच परत आलेली एक कथा मी शिनोलीच्या त्याच अंगणात बसून मोठ्यानं वाचली. समोर हिरडे पसरलेले होते, पण त्यात कुणाचा हात नव्हता, आणि मी कुठंही न थांबता शेवटपर्यंत वाचत गेलो.