शाकाहारी हाड

सुपातले निम्मे तांदूळ पाखडून झाले होते, निम्मे राहिले होते, तेव्हा अंगणात भुऱ्या उलटा उलटा सरकायला लागला. भुंकणं नाही, विव्हळणं नाही. पुढच्या दोन्ही पंजांनी तोंड ओरबाडत तो मागे जात होता आणि त्याच्या जबड्यातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती.

मैनाबाई लांजेवारांनी सूप तिथंच सोडलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून पाटाशिवाय बसत नाही, ती उकिडवी बसली आणि कुत्र्याच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. ते धरून त्यांनी ओढलं. वीतभर लांब पांढरी पट्टी बाहेर आली, ओल्या फडक्यासारखी. भुऱ्याने श्वास घेतला. पण काल आणलेलं हाड चांगलं मोठं होतं, दोन्ही टोकांना गाठी मारलेलं. गाठी कुठे होत्या? एकही नव्हती. आत गेल्या होत्या.

मैनाबाईंनी ती पट्टी नाकाशी नेली. त्यांची सवयच तशी; दूध, तेल, डाळ, सगळं आधी नाकाला दाखवायचं. आणि वास आल्याबरोबर त्या राजेगावच्या आपल्या माहेरच्या गल्लीत जाऊन पोचल्या. तिथं एक ढोलकी दुरुस्त करणारा म्हातारा राहायचा. त्याच्या दारात मातीच्या कुंडीत कातडं भिजत असायचं आणि पोरी नाकाला ओढणी लावून पळत जायच्या. चव्वेचाळीस वर्षं झाली, पण वास तोच.

त्यांनी पट्टी नालीत भिरकावली. हात मातीने धुतले, मग साबणाने, मग पुन्हा मातीने. तोंडाने देवाचं नाव चाललं होतं, पण ते नाव घेताना दात एकमेकांवर घासत होते.

"अहो! उठा! त्या लोकेशनं मले चामडं दिलं!"

डोमाजी, त्यांचे यजमान, भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेला शांत माणूस, पेपर घडी करून बाहेर आले. "कोन्या लोकेशनं?"

"कुत्र्याच्या सामानवाल्यानं. याच्या पोटात हाये ते. ई-रिक्षा पाहा लवकर."

घर महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं. मांस नाही, मच्छी नाही, अंडं नाही, दारूचा थेंब नाही. मैनाबाई कुठल्याही दुकानात गेल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "यात काही आहे का?" हे 'काही' म्हणजे काय, ते बालाघाटच्या अर्ध्या बाजाराला माहीत होतं. बिस्किटाला हा प्रश्न, पेढ्याला हा प्रश्न, अंगाच्या साबणाला हा प्रश्न. किराणेवाला दुरून पाहूनच म्हणायचा, "आली इन्स्पेक्टर." मैनाबाईंना त्याचं वाईट वाटत नसे. उलट थोडा अभिमानच वाटे.

तीन वर्षांमागे हातभर लांबीचं, चिखलाने माखलेलं पिल्लू फाटकात येऊन बसलं आणि उठलंच नाही. तो भुऱ्या. या घरात तोही वरण-भात, दूध-पोळी खाऊन वाढला. शेजारची पुष्पलता भिंतीवरून विचारायची, "काय वो मैनाकाकू, तुमच्या कुत्र्यानं बी उपदेश घेतला का?" आणि रविवारी, मुलांचं जेवण झालं की, उकडलेल्या कोंबडीची हाडं भिंतीवरून टाकायची. मैनाबाई ती कागदात गोळा करून तिच्या ओट्यावर परत ठेवून यायच्या. मूग गिळून नव्हे, चांगले चार शब्द सुनावून.

पण भुऱ्याच्या दाताला काहीतरी हवंच होतं. डोमाजींच्या चपलांचे तीन जोड गेले. खुर्चीचा पाय गेला. मग एक दिवस पोथीवरचं कापड कुरतडलेलं सापडलं, आणि मैनाबाई बाजारात गेल्या. तिथं लोकेशच्या दुकानात, पाळायच्या माशांच्या काचपेट्यांमध्ये, पट्टे आणि साखळ्यांखाली, एका बरणीत ती पांढरी शुभ्र गाठीची हाडं होती. त्यांनी आपला प्रश्न विचारला.

"प्योर व्हेज, माताजी," लोकेश म्हणाला. "दूध अन् कॅल्शियम. रंग पाहा ना, कसा सफेद."

रंग पाहिला. पांढऱ्या रंगावर कोण संशय घेतं? घरी आणून ते फार टणक वाटलं, म्हणून मैनाबाईंनी रात्रभर दुधात भिजत ठेवलं. सासूबाईंचे दात पडले तेव्हा मैनाबाई त्यांना टोस्ट असेच भिजवून द्यायच्या. सकाळी हाड मऊ झालं होतं. भुऱ्याच्या ताटलीत ठेवून त्या तांदूळ पाखडायला बसल्या.

ई-रिक्षात भुऱ्या दोघांच्या मध्ये आडवा पडला होता. त्याला उमाळे येत होते, बाहेर काही येत नव्हतं.

"ज्या भगोण्यात भिजवलं ना, ते आज भंगारात," मैनाबाई म्हणाल्या. "अन् ते उरलेलं दूध मी चहात टाकलं असतं तर? देवाच्या खिरीत टाकलं असतं तर?"

"भगोनं फेकशीन. मंग या कुत्र्यालेबी बाटला म्हून फेकशीन का? त्यानं तं पोटात घेतलं हाये."

"तुम्ही बोलू नका."

"नाई, मी आपला विचारून राह्यलो. माहा नंबर कधी येते, ते समजलेलं बरं."

एरवी त्या हसल्या असत्या. आज त्यांनी भुऱ्याच्या मानेखाली हात घातला आणि समोर पाहत राहिल्या.

जनावरांच्या दवाखान्यात दीप्ती मॅडम नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने टेबलावर घेतल्याबरोबर पोट दाबून पाहिलं. भुऱ्या कण्हला.

"काय खाल्लं याने?"

"हाड."

"तुमच्याकडे हाड?" ती या घराला भुऱ्याच्या लसीकरणापासून ओळखत होती.

"शाकाहारी हाड," मैनाबाई म्हणाल्या, आणि आपले शब्द आपल्याच कानावर पडताच त्यांना कानशिलं तापल्यासारखी वाटली.

कोणी हसलं नाही. डोमाजी भिंतीवरचं गाईच्या रोगांचं कॅलेंडर वाचायला लागले.

"काकू, नीट ऐका. दोन प्रकारची मिळतात. एक दुधाचं किंवा पिठाचं असतं. ते पोटात विरघळतं, मी काही करणार नाही, दोन दिवस पेज द्या. दुसरं कातड्याचं. ते विरघळत नाही, फुगतं. पुढे आतड्यात सरकलं तर गोंदियाला नेऊन पोट फाडावं लागेल, आणि तेवढा वेळ मिळेलच असं नाही. आत्ता मी उलटी करवू शकते. पण तो खेळ नाही. येताना तुकडा घशात अडकला तर इथंच जीव जाईल. म्हणून उगाच करणार नाही. जो तुकडा तुम्ही ओढून काढला तो दाखवा."

मैनाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "फेकला."

"कुठे?"

"नालीत. घरासमोरून वाहते ना, ती. वास आला मले त्याले."

"कशाचा?"

तो शब्द दवाखान्यात उच्चारायलाही जीभ वळेना. "चामड्याचा. पक्कं सांगतो मॅडम. पण माहं नाक म्हणजे काही रिपोर्ट नाही."

दीप्ती मॅडमनी घड्याळ पाहिलं. "त्याच दुकानातून तसंच दुसरं आणा. वीस मिनिटं थांबते, जास्त नाही."

"मी जातो," डोमाजी म्हणाले.

"तुमी जासान तर तो तुम्हाले चहा पाजून परत पाठवीन. याच्याजवळ बसा."

दुकानात लोकेश एका मुलीला पट्टा दाखवत होता. मुलीच्या हातात तसंच पांढरं हाड होतं, आत्ताच घेतलेलं. मैनाबाईंना पाहून तो दुकानदारी हसू हसला.

"आइए माताजी. अजून पाहिजे का?"

"ते कायचं बनवते, बेटा?"

"बोललो होतो ना. दूध, आटा, कॅल्शियम. एकदम प्योर."

"माहा कुत्रा दवाखान्यात टेबलावर पडला हाये. दुधाचं असंन तर डॉक्टरीण हात लावणार नाही. चामड्याचं असंन तर आत्ता काढंन. तू जे बोलशीन त्याच्यावर त्याचा जीव हाये. आता बोल."

लोकेशने मुलीकडे पाहिलं, मग बरणीकडे. "अब कंपनीवाले जैसा बताते हैं..."

"कंपनी घरी ठेव. तू बोल."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "चमड़े का है. सबको पता है माताजी."

"सगळ्याईले पता हाये? मले नव्हतं पता! म्हून तर तुले विचारलं!"

माशांच्या पेटीतले मासे दुसऱ्या कोपऱ्यात गेले, असा तो आवाज होता. लोकेशचाही पारा चढला. "तो आप लोग पूछते ही क्या हो? 'व्हेज है क्या', बस. ना बोला की सामान वापस. कुत्ता पचाएगा कि नहीं, अटकेगा कि नहीं, ये आज तक किसी ने नहीं पूछा. आपने पूछा था?"

मैनाबाईंनी बरणीकडे पाहिलं. ती बरणी उचलून काचेच्या पेटीवर आदळावी, पाणी, मासे, चामडं, सगळं रस्त्यावर वाहू द्यावं, असं मनात आलं. पण भिंतीवरच्या घड्याळात आठ मिनिटं गेली होती. त्यांनी स्वतः बरणीत हात घातला. ज्या हाताने रोज पोथी उघडायच्या त्याच हाताने एक हाड काढलं, पदराच्या टोकात बांधलं आणि वळल्या. मागे त्या मुलीने आपलं हाड काउंटरवर ठेवल्याचा आवाज त्यांना आला.

ई-रिक्षात त्या पदराची गाठ मुठीत धरून बसल्या होत्या. राग लोकेशवर होता, आणि तो तसाच राहिला असता तर बरं झालं असतं. पण तो पोरगा शेवटी जे बोलला ते डोक्यातून जाईना. आपण विचारलं होतं का? नव्हतं. घराचा धर्म सांभाळला, कुत्र्याचा घसा कोणी सांभाळायचा? उलट आपणच दुधात घालून मऊ केलं, गिळायला सोपं करून दिलं. खोटं बोलला तो, हे खरं. त्याचं खोटं त्याच्यापाशी. पण इन्स्पेक्टर म्हणून मिरवणारी बाई एकच प्रश्न घेऊन सगळा बाजार फिरत होती! या विचाराने त्यांना लोकेशचा राग दुप्पट आला. खोटं बोलणाऱ्याने वरून शहाणपण शिकवावं, आणि त्यात तथ्य असावं, यापरता संताप नाही.

दीप्ती मॅडमनी हाडाची गाठ उकलली, थर सोलला, उजेडात धरला. "कातडंच. आतला थर. चुन्यात टाकतात, धुतात, पांढरं करतात." आणि सुई भरली.

थोड्या वेळात औषध लागू झालं. भुऱ्याचे पाय थरथरले, मान लांब झाली. पहिल्या उबळीला नुसतं पाणी आलं. दुसऱ्या उबळीला काहीच नाही, आणि त्याचे डोळे पांढरे झाले. मॅडमनी त्याचं डोकं खाली धरलं. "घशात आलंय. काकू, मागून कंबर उचला." मैनाबाईंनी उचलली. तिसऱ्या उबळीला एका गाठीचा गोळा बाहेर पडला, मुठीएवढा, फुगून पांढऱ्या चिखलासारखा झालेला. त्याच्यामागे दुसरी गाठ.

भुऱ्या खाली बसला आणि त्याने शेपटी एकदा आपटली.

डोमाजींनी टोपी काढून तोंड पुसलं. मैनाबाई त्या गोळ्याकडे पाहत राहिल्या. रडू आलं नाही. एवढा मोठा गोळा, आणि 'रंग पाहा ना, कसा सफेद'.

"आता मले सगळं सांगा," त्या म्हणाल्या. "याले चावायले काय द्यायचं? व्हेज-नॉनव्हेज सोडून सांगा."

मॅडम हात धुता धुता बोलत होत्या. "अंगठ्याचं नख दाबून पाहायचं. नख रुतत नसेल एवढं टणक असलं तर दात तुटतो. अख्खं तोंडात मावत असेल तर तो गिळणारच, म्हणून तोंडापेक्षा मोठं हवं. आणि देऊन उठून जायचं नाही, समोर बसायचं. लहान राहिलं की काढून घ्यायचं. शिजवलेलं हाड तर कधीच नाही, त्याच्या सुया होतात, आतडं फाडतात. कच्चं, मोठं, कधीमधी चालतं, पण तुमच्या घरी..."

"नाही."

"मग रताळं. लांब लांब कापून वाळवायचं, चिवट होतं. पण आधी दोन दिवस फक्त पेज."

"शेजारीण उकडलेली हाडं टाकत होती. मी धर्मापायी परत केली."

"फार चांगलं केलं."

"चांगलं कायचं? मले कुठं माहीत होतं?" मैनाबाई म्हणाल्या. न कळता बरोबर वागलो याचाही त्यांना राग आला होता.

बाहेर ई-रिक्षा उभी होती. डोमाजींनी भुऱ्याला उचलून सीटवर ठेवलं, आपण शेजारी बसले आणि थोडे सरकले. "ये, बस."

"तुम्ही याले घेऊन घरी जा. पाणी थोडं थोडंच पाजा. अन् झोपू नका त्याच्याजवळ, बसून राहा."

"अन् तू?"

"मी त्या दुकानात जाऊन येतो."

"आता काहून? काम तं झालं ना!"

"काम झालं. भांडण राह्यलं. मघाशी वेळ नव्हता."

डोमाजींनी भुऱ्याला मांडीशी ओढलं. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "चल बाबा. हळू चालव."

मैनाबाईंनी पदर खोचला. शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडून एक जाड पुठ्ठा आणि काळं स्केचपेन घेतलं, आणि लोकेशच्या बरणीवर 'जनावराचं कातडं' अशी पाटी लावायला त्या निघाल्या.