उपासाच्या डब्यातले अ‍ॅझटेक आणि इंका

जर्मनीत, ड्रेस्डेनला त्या सकाळी उणे सात होतं. बर्फ असा पडत होता, जणू वर कुणी पोहे पाखडायला बसलंय. कुसुमनं रात्री भिजवलेला साबुदाणा बोटांनी मोकळा केला, बटाटे चिरले, दाण्याचं कूट काढलं, खिचडीसोबत डब्यात न्यायला राजगिऱ्याचे लाडू ठेवले. महाशिवरात्र होती. फोन ओट्यावर उभा, आणि त्यात कऱ्हाडहून सासूबाई.

"आत्याबाई, घोटाळा झालाय. उपासाचं सगळं परक्याचं निघालं. बटाटा इंका लोकांचा, मिरची अ‍ॅझटेकांची, शेंगदाणाबी तिकडचाच. राजगिरासुदीक!"

"मग? म्हादेव काय पासपोर्ट बघतोय व्हय? डबा भर गप."

कुसुमला हे कळलं होतं म्युझियममुळं. कऱ्हाडला तिनं बारा वर्षं सातवीला इतिहास शिकवला होता. नवऱ्याच्या, देवदत्तच्या, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यातल्या नोकरीपायी इकडं आली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून पोरांसमोर उभी राहिली नव्हती. आज गावातल्या एका लहानशा म्युझियममध्ये तिची चाचणी होती. 'अ‍ॅझटेक आणि इंका राज्यांचा पाडाव' हे प्रदर्शन चौथीच्या वर्गाला फिरवून दाखवायचं. जमलं तर नोकरी.

वीस पोरं आणि त्यांच्या बाई. मागं हातात फाईल धरून म्युझियमच्या प्रमुख, फ्राउ क्रेट्श्मर.

कुसुमनं पाठ केलेलं जर्मन सुरू केलं. तेनोच्तित्लान १५२१ साली पडलं. देवीच्या साथीनं घरंच्या घरं ओस पडली. इंका राजानं सुटकेपायी खोलीभर सोनं दिलं, तरी त्याला मारलंच. तिसऱ्या कपाटाशी एक पोरगं जांभई देत म्हणालं, "म्हणजे सगळे मेले. संपलं?"

फाईलवर पेन चाललं. मग कुसुममधली शाळेतली बाई जागी झाली. तिनं कागद घडी करून खिशात कोंबले.

"नाईन, नाही! संपलेलं नाही. ते लोक आजही आहेत, त्यांच्या भाषा बोलतात. आणि त्यांच्या शेतातलं काहीतरी माझ्याकडं आहे. चला, दाखवते."

"दालनात खाणं मना आहे," फ्राउ क्रेट्श्मर कडाडल्या.

"म्हणून तर गार्डरोबला चाललोय."

कोट टांगायच्या त्या खोलीत, बाकावर तिनं डबा उघडला. पोरांनी गर्दी केली.

"हा बटाटा इंकांच्या डोंगरातला. ही मिरची अ‍ॅझटेकांची, शेंगदाणेही तिकडचेच. आणि हा राजगिरा. त्याच्या पिठाच्या मूर्ती करून ते पूजायचे. जिंकणाऱ्यांनी ते बंद पाडलं. सोनं वितळवलं, देवळं पाडली. पण दाणा असतो एवढासा. आज भारतात माझ्या सासूबाई तोच देवापुढं ठेवून खातात."

"सैनिकांना दाणे सापडलेच नाहीत!" मघाचं जांभईवालं पोरगं ओरडलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!"

मग एकच गिल्ला. मी चाखू, मी चाखू! त्यांच्या बाई आडव्या आल्या, "शेंगदाणे? अ‍ॅलर्जी! कुणी हात लावायचा नाही!" पोरांनी नुसतं नाक खुपसून वास घेतला आणि ती गेली एकदाची कलकलाट करत.

फ्राउ क्रेट्श्मर थांबल्या. डब्याकडं बघत म्हणाल्या, "मला अ‍ॅलर्जी नाही."

कुसुमनं राजगिऱ्याचा लाडू दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या खाल्ला, चुरा बोटानं टिपून घेतला.

"गुरुवारी दोन वर्ग आहेत. जमेल?"

"या, या! हो, जमेल की!" अर्धं जर्मन, अर्धं कऱ्हाडी.

ट्रामच्या थांब्यावर, बर्फातच, तिनं फोन लावला. "आत्याबाई, लागली नोकरी!"

"कुणामुळं?"

"बटाट्यामुळं."

"आगं बटाटा कुणी चिरायला शिकवला?" सासूबाई इतक्या हसल्या, की शेजारी उभा म्हातारा जर्मनही कारण नसताना हसला.

घरी आली तर दाराला पाटी लटकलेली. इमारतीतली बिऱ्हाडं आळीपाळीनं जिना पुसतात; नोकरी लागली तरी या आठवड्यात पाळी तिचीच. कुसुमनं कोट काढला, बादलीत गरम पाणी घेतलं आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली.