व्याह्यांनी भरवलेला गूळ

बसा, चहा येतोय. तुमचा नेहमीचा, माझा बिनसाखरेचा, आणि त्याआधी मला मूठभर शेंगदाणे लागतात. का, ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण एकदाच. गेली कित्येक वर्षं मी हे ज्याला त्याला समजावून सांगतोय आणि आता खरोखर दमलोय. त्यापेक्षा आमच्या पोरीच्या, स्नेहलच्या साखरपुड्यात मी जी माती खाल्ली ती सांगतो, म्हणजे सगळं एकदम कळेल. माती नव्हे, गूळ खाल्ला, पण हिशेब तोच.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क. उसाची ट्रॉली काट्यावर चढणार, मी आकडा लिहिणार, ट्रॉली उतरणार. तेवीस वर्षं हेच, तेही बसून. बसून बसून माझंच वजन एवढं वाढलं की दवाखान्यातल्या काट्याचा काटा शेवटाला जाऊन टेकायचा. एकदा दोन ट्रॉल्यांच्या मधल्या वेळात मी आमच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो. तो काटा दहाच्या पटीत बोलतो, त्यामुळं मी एकशे तीस की एकशे चाळीस, यावर ऑफिसात दोन दिवस वाद चालला.

शेवटी पुण्याला जाऊन पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. तेव्हा असलं ऑपरेशन इकडं कुणाला माहीतही नव्हतं. गल्लीत सांगितलं, धाकट्या भावाकडं जातोय. परत आलो आणि कपडे ढगळ व्हायला लागले. कोल्हापुरात माणूस फुगला तर कुणी विचारत नाही, पण बारीक झाला की चौकशीला रांग लागते. मी आपलं ठोकून दिलं, रंकाळ्यावर चालायला जातोय.

वजन उतरलं, पण एक भानगड मागं लागली. डॉक्टरांनी पोटाची पिशवी लहान करून पुढं आतड्याला जोडलेली. गोड खाल्लं की ते पोटात थांबतच नाही, धाडकन आतड्यात उतरतं. अंगाला वाटतं, बाप रे, केवढी साखर आली. मग एका मोर्चाला अख्ख्या जिल्ह्याचे पोलीस बोलवावेत तसं इन्सुलिन सुटतं, आणि आलेली साखर, असलेली साखर, सगळी झाडून नेतं. दीड-दोन तासांनी हात थरथरतात, घामाच्या धारा लागतात, डोकं चालत नाही. थोडक्यात, गोड खाल्लं की माझी साखर कमी होते.

बघा, तुमचंही तोंड तसंच झालं. सगळ्यांचं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडं थोडं खा, आधी डाळ-दाणे-पनीर खा, आणि उपाशीपोटी गोडाला हात लावू नका. मी पहिल्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर चार जिलेब्या खाल्ल्या आणि अकरा वाजता काट्यावरच आडवा झालो. तेव्हापासून शोभा, म्हणजे आमची ही, माझ्या खिशात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी ठेवायला लागली.

मग स्नेहलचं ठरलं. मुलगा गारगोटीचा, पॉलिटेक्निकात शिकवायला होता. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, आम्हाला फक्त मान हलवायची होती. पोरगी घरात गुणगुणत फिरायची. असं तिला मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

शोभा म्हणाली, "लग्न होईपर्यंत ऑपरेशनचं तोंडातून काढायचं न्हाय. बाप आजारी म्हटलं की लोक पोरीकडं संशयानं बघत्यात. मागनं सांगू सावकाश."

मला ते पटलं. म्हणजे, पटलं नाही, पण वाद घालायची ताकद नव्हती.

साखरपुडा आमच्याच घरी. रविवारी सकाळी दहाला गारगोटीहून दोन सुमो भरून पाहुणे आले. व्याही मल्लाप्पाअण्णा, गुळाचे व्यापारी, स्वतःचं गुऱ्हाळ. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण गंगाक्का. त्या घरात अण्णा बोलतात आणि गंगाक्का ठरवते, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

नमस्कार झाले न झाले तोच अण्णांनी पिशवीतून लिंबाएवढा गुळाचा खडा काढला. "पावणं, आमच्या घरात एक रीत हाय. नातं जोडताना व्याह्यानं व्याह्याला आपल्या गुऱ्हाळातला गूळ भरवायचा. आ करा."

घाईत मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, एवढा नको. चिमूटभर द्या."

"का वो?"

"गोड जरा बेतानं खातो."

एवढ्यावर थांबलो असतो तर माझं कल्याण झालं असतं. पण गंगाक्कानं तिकडून मान वर केली. "शुगर हाय व्हय तुम्हास्नी?"

शोभा दारात ताट घेऊन उभी, तिचे डोळे मोठे झाले. आता सरळ सांगता आलं असतं की नाही? 'शुगर नाही आक्का, पण डॉक्टरांनी मना केलंय.' संपलं. पण मला आयुष्यात कुणाला नाही म्हणायला जमलेलं नाही. एकशे तीस किलो काय हवा खाऊन झाले होते?

"छे छे," मी म्हटलं, "मला कसली शुगर?" आणि अख्खा खडा तोंडात घेतला.

"तसं हाय तर मग लाजताय कशाला," म्हणत मुलाच्या काकांनी दुसरा भरवला. मामांनी तिसरा. शुगर नाही हे मी एकदा सिद्ध केलं होतं, ते सगळ्यांना पुन्हा पुन्हा सिद्ध करून हवं होतं. वर अण्णांनी वाटीभर काकवी पाजली.

मी शेंगदाण्यांसाठी खिशात हात घातला. पुडी नव्हती. शोभानं ती आठवणीनं खिशात ठेवली होती, पण रोजच्या सदऱ्याच्या. मी घातला होता नवा रेशमी झब्बा.

कार्यक्रम रेंगाळला. जंगम आले, पूजा झाली, फोटोवाला उशिरा आला. साडेअकराला स्नेहलला पाटावर बसवलं, ओटी भरली आणि मुलाच्या आईनं चमकीचा कागद लावलेला साखरेचा पुडा तिच्या हातात दिला. फोटोवाला म्हणाला, वडिलांनी जवळ या. मी उठलो आणि कळलं की पाय माझे राहिलेले नाहीत.

झब्बा घामानं पाठीला चिकटला होता. हात लटपटत होते. अण्णा म्हणाले, "पावणं, बरं हाय नव्हं?" मला म्हणायचं होतं की बरं आहे. प्रत्यक्षात मी ओरडलो, "काटा मोकळा करा, पुढची ट्रॉली घ्या!"

पुढची ट्रॉली म्हणजे गंगाक्का होती. तीच समोर उभी होती. मी तिला हातानं बाजूला व्हायची खूणसुद्धा केली म्हणे.

नंतरचं मला अर्धवट आठवतं. डोळ्यांपुढं एवढंच दिसत होतं की त्या चमकीच्या कागदात साखर आहे. मी स्नेहलच्या हातातून तो पुडा ओढला, दातानं फाडला आणि मुठी भरभरून साखर खाल्ली. पोरीच्या साखरपुड्याचा पुडा, सगळ्यांच्या देखत. फोटोवाल्यानं आपलं काम चोख केलं. तीन फोटो आहेत.

दहा मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं. आलं नसतं तर बरं झालं असतं. मुलाचा मामा हळू आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असा, म्हणत होता, "सकाळ सकाळ टाकून बसल्याती वाटतं."

अण्णा उठून उभे राहिले. "पावणं, राग मानू नका. आमच्या घरात थेंब चालत न्हाय. लिंग हाय गळ्यात. पोरगी चांगली हाय, पर..."

ते 'पर' ऐकून स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मला जी लाज वाटली, ती एकशे तीस किलो असतानाही कधी वाटली नव्हती. तरी बघा, पहिलं वाक्य तोंडातून काय निघालं? "उपवास होता हो माझा."

गंगाक्का म्हणाली, "तीन खडं गूळ आन वाटीभर काकवी. कुठल्या देवाचा उपास म्हणायचा ह्यो?"

मग मात्र मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पुणं, ऑपरेशन, पोटाची पिशवी, सगळं. शोभानं कपाळाला हात लावला. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, मी दारूला शिवत नाही. मी गोड खाल्लं की माझी साखर कमी होते, एवढंच."

अण्णा म्हणाले, "आम्ही तीन पिढ्या गूळ इकतोय. गूळ खाऊन साखर कमी झाल्याली ऐकली न्हाय कधी."

आमच्या गल्लीतले डॉक्टर रविवारचे गावी गेलेले. साखर मोजायचं मशीन घरात नव्हतं. विश्वास कशावर ठेवायचा? मला काय सुचावं. मी म्हटलं, "आत्ता मी पावभर साखर खाल्लीय की नाही तुमच्यासमोर? मग दीड तास थांबा. मी परत लटपटणार. तेवढा वेळ माझ्या तोंडात काही गेलं तर लग्न मोडा."

गंगाक्का म्हणाली, "बसा गं समद्या. बघूया."

आणि पाहुणे बसले. मला खोलीच्या मध्यभागी खुर्ची दिली. मुलाचा मामा शेजारी राखणीला, मधूनमधून माझ्या तोंडाचा वास घेत. बायका गप्पा मारत होत्या, पण एक डोळा माझ्यावर. आत भात गार होत होता. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्यानं एकदा स्नेहलकडं बघितलं, तिनं खिडकीकडं बघितलं. स्वतःला चक्कर यावी म्हणून मनोमन प्रार्थना करणारा मी पहिलाच माणूस असेन. शोभा रोजच्या सदऱ्यातली पुडी मुठीत घेऊन दाराशी उभी. मी तिला मानेनंच सांगत होतो, थांब.

तासाभरात काही नाही. सव्वा तास झाला, तरी मी टुणटुणीत. मामा म्हणाला, "ह्यास्नी काय हुतंय, चांगलं हाईत की." रोज नको तेव्हा घसरणारी साखर आज कुठं अडकून बसली होती कोण जाणे. मला रडू यायच्या बेताला आलं.

मग कपाळावर घामाचा एक थेंब आला. गंगाक्कानं तो माझ्याआधी बघितला. "आला, घाम आला!" सगळे पुढं सरकले. माझी बोटं थरथरायला लागली. मामानं माझा हात उचलून सगळ्यांना दाखवला. "खरंच की वो, बघा बघा!" मागून कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. वधूपिता कोसळतोय आणि वरपक्ष खूश, असा साखरपुडा तुम्ही कुठं बघितलाय?

अण्णांना तर भरून आलं. "चुकलं पावणं माझं. देवमाणसावर संशय घेतला." आणि भावनेच्या भरात त्यांनी पिशवीत हात घातला, भलामोठा खडा काढला आणि माझ्या तोंडाशी आणला. "साखर कमी झालीया न्हवं? घ्या. आ करा."

आणि मी आ केला.

काय करू? डोकं चालत नव्हतं. पण खरं सांगतो, चालत असतं तरी मी आ केला असता.

तेवढ्यात स्नेहल पाटावरून उठली. हिरवी साडी, हातात मोकळा फाटका पुडा. तिनं होणाऱ्या सासऱ्याचा हात मनगटाला धरला आणि खाली केला. "अण्णा, नको. पुन्हा गूळ दिला तर हे तीन वाजता परत पडतील. कपात दोन चमचे साखर घालून पाणी आण आई, आणि वर शेंगदाणे. आप्पा, चावून खायचे. मी सांगेन तोवर उठायचं नाही."

अण्णांच्या हातात गूळ तसाच. शोभाचा चेहरा पांढरा. सासऱ्याचा हात धरला पोरीनं, तोही साखरपुड्यातच. आता हे लग्न देवसुद्धा वाचवत नाही, असं मला त्या अर्धवट शुद्धीतही वाटलं. मी शेंगदाणे चावत राहिलो.

अण्णांनी गूळ पिशवीत ठेवला. बहिणीकडं वळून म्हणाले, "आक्का, पन्नास वर्सांत माझ्या गुळाला कुणी नको म्हटलं न्हाय."

"व्हय," गंगाक्का म्हणाली, "म्हणूनच तुझ्या घरात अशी एक पायजे हुती." ती उठली, स्नेहलजवळ गेली आणि तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "पोरगी आमची झाली. ताटं वाढा आता."

मला जेवढं हलकं वाटलं, तेवढं ऑपरेशननंतरही वाटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, घाम की आनंद ते कळलं नाही. मी तोंडातले शेंगदाणे तसेच ठेवून गंगाक्काला हात जोडले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्नेहलला विचारलं, "आगं बाई, एवढं नको म्हणायला येतंय तुला, मग बापाला शिकवायचं न्हाईस व्हय? पोट तरी कापायला लागलं नसतं."