पळणाऱ्याची पोरगी

आमच्या वडगावात माणूस पळताना दिसला की दोनच अर्थ निघत. एकतर त्याच्या घरचं कुणीतरी गेलंय, नाहीतर त्याची बस चुकतेय. ऐंशीच्या दशकात, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, मी हाफ पँट घालून येळ्ळूरच्या रस्त्यानं पळायला लागलो आणि लोकांना तिसरा अर्थ शोधावा लागला. विचार करायची सवय नसल्यानं त्यांना त्याचा फार त्रास झाला.

कारण अगदी साधं होतं. शहरातल्या एका मंडळानं हिवाळ्यात एकवीस किलोमीटरची शर्यत ठेवली होती. अर्ध मॅरेथॉन, असं भारदस्त नाव. ऑफिसात बसून बसून माझं पोट सुटलं होतं, आणि मला ती शर्यत पुरी करायची होती. पण साधं कारण आमच्या गल्लीला पचत नाही. स्कूटरवाले थांबून म्हणत, "बसा मागं, सोडतो." नको म्हटलं की रागावत. तालमीतला एक जुना पैलवान, जो तालमीच्या चार पायऱ्या चढताना तीनदा थांबायचा, तो मला दम कसा टिकवावा ते शिकवायचा. हातात विडी धरून.

त्याच दिवसांत मुलीचं लग्न निघालं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, सायकलवरून जायची. निपाणीला दिलेल्या माझ्या मोठ्या बहिणीनं, आक्कानं, तिकडचंच एक स्थळ आणलं. आमच्याकडे स्थळाची मंडळी आधी मुलगी बघत नाहीत, आधी गल्लीत येऊन गुपचूप चौकशी करतात. घराण्याची अब्रू ठरते ती पानपट्टीवर आणि पिठाच्या गिरणीत. मुलाचा काका असाच येऊन गिरणीत उभा राहिला. गिरणीवाल्यानं आमची मनापासून स्तुती केली आणि शेवटी म्हणाला, "पर रोज पहाटं पळतोय. डाक्टरनं सांगितलं असंल."

झालं. काका ते वाक्य पिशवीत घालून निपाणीला गेला. पळतो, म्हणजे डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टरनं सांगितलंय, म्हणजे रोग आहे. बापाला आहे, म्हणजे घराण्यात आहे. घराण्यात आहे, म्हणजे मुलीत असणारच. एवढी अक्कल ह्या लोकांनी तंबाखूच्या धंद्यात लावली असती तर निपाणी सोन्याची झाली असती.

आक्का तडक आमच्याकडे आली. "अरं, त्यांनी पाय मागं घेतलाय. सगळी म्हंत्यात, पळणाऱ्याची पोरगी नगं. तुझ्या पळण्यापायी पोरगी घरात बसंल की रं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी डॉक्टरचं तोंड कधी पाहिलं होतं तेही मला आठवत नव्हतं. पण मुलीच्या लग्नापुढे बापाची मिजास किती दिवस चालणार? भीती मलाही वाटत होतीच. बायकोनं माझे कॅनव्हासचे बूट माळ्यावर टाकले आणि मी ते टाकू दिले. शर्यत तोंडावर आली होती आणि मी पहाटे अंथरुणात डोळे उघडे ठेवून गल्लीतल्या विणकरांच्या मागांची खडखड ऐकत पडायचो.

आक्कानं निपाणीला जाऊन हातापाया पडून पुन्हा जमवलं. मंडळी आली. शिरा खाल्ला, पुन्हा मागितला. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला बोलायचं काम नव्हतं. ते काका करत होता. काकाचं पोट एवढं, की बशी त्यावरच ठेवली होती.

त्या काळात मुलीला चालून दाखवायला लावत. लंगडी आहे का ते बघायला. माझ्या बहिणी चालल्या होत्या, बायकोही चालली होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. काकानं मात्र त्यात भर घातली. "पोरीनं जरा चालून दावावं. भरभर. म्हंजे दम लागतोय काय ते कळंल."

मी उठणार तोच आक्कानं माझा हात दाबून धरला. मुलगी शांतपणे म्हणाली, "किती चालू?"

"जमंल तेवढं चाल," काका उदारपणे म्हणाला.

ती आत गेली. मला वाटलं, रडत असणार. बाहेर आली ती माझे बूट घालून. बुटांत पुढे कापडाचा बोळा कोंबून तिनं नाड्या घट्ट आवळल्या होत्या आणि पदर कमरेला खोचला होता. ती सगळ्यांच्या मधून उंबरा ओलांडून भरभर रस्त्याला लागली.

आम्ही वाट बघत बसलो. चहा निवला. आक्का दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. अखेर काकानं विचारलं, "कुटं गेली वो पोरगी?"

"चालतेय," मी म्हणालो. "तुम्हीच सांगितलंय, जमंल तेवढं."

निपाणीची बस चुकेल म्हणून मंडळी उठली. काकाला उठवायला मुलाला हात द्यावा लागला, आणि स्टँडपर्यंत त्यांनी टांगा केला. मुलगी दिवेलागणीला येळ्ळूरहून परत आली, बूट धुळीनं माखलेले. आक्का डोळ्याला पदर लावून बसली होती. मुलगी तिच्याशेजारी टेकली आणि मला म्हणाली, "आप्पा, बूट धुऊ नका. उद्या पहाटं लागतील तुमास्नी."

पुढे बराच काळ आमच्याकडे स्थळ फिरकलं नाही. नाव आता कायमचंच चिकटलं होतं. मला रात्र रात्र झोप लागत नसे, हे खरं आहे.

त्या हिवाळ्यातल्या शर्यतीत मी एकवीस किलोमीटर पुरे करून पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडववाले दोऱ्या सोडत होते. मुलगी माझ्या चपला घेऊन उभी होती. मंडळाचा एक पुढारी, छातीला बिल्ला लावलेला, घाईनं तिला म्हणाला, "ओ बाई, बाजूला व्हा. तुम्ही कोण?"

"मी?" ती मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पळणाऱ्याची पोरगी."