नाव बोला, बाई

मी मॅट्रिक पास आहे, हे लग्नानंतर पहिली पाच वर्षं मी सासरच्या गावाला विसरू दिलं नाही. त्यामुळे नगरपालिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच मान पुढं केली.

कोयनेकडच्या भूकंपात आमच्या मागच्या खोलीची भिंत उकलली होती. तीन-चार वर्षं बाभळीचा टेकू लावून तिच्याच सावलीत आम्ही झोपत होतो. मालक फौजेत. त्यांचं पत्र आलं, ‘बांधकामाची परवानगी हातात पडली की कळव. दोन महिन्यांची रजा टाकतो, खोली बांधूनच परत जातो. शिमग्यापर्यंत कळलं नाही तर रजा दुसऱ्याला मिळेल, मग मला वर्षभर सुट्टी नाही.’

अर्ज मामंजींनी पौषातच बैलगाडीनं जाऊन देऊन ठेवला होता. नंतर त्यांचे गुडघे धरले आणि हेलपाटे मी घेतले. जाताना इस्तरीचं लुगडं, पायात वहाणा, काखेत पर्स. पर्समध्ये रुमालाशिवाय काही नसायचं.

बांधकामाच्या कारकुनांपुढं अर्जांचे गठ्ठे असत, अर्जदाराच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बांधलेले. अर्ज दिल्याची पावती नाही, नंबर नाही. आपण नाव बोलायचं, ते गठ्ठा सोडणार. खोली नवरा बांधणार, म्हणजे अर्जही त्याच्याच नावाचा, हे मी धरूनच चाललेले. आणि त्याचं नाव मी बोलणार कशी? नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं असं माझ्या माहेरी आटपाडीकडं मानत, आणि माझा नवरा तर सरहद्दीवर! पण मी पडले शहाणी. घरून चिठ्ठीवर नाव लिहून न्यायची. लिहिलेलं चालतं, बोललेलं नाही, हा कायदा माझा मीच केला होता. मधलं नाव सासऱ्यांचं, म्हणून संकोचानं तेही गाळलं. नाव आणि आडनाव. आडनाव तर अर्ध्या गावाचं एकच.

कारकून चिठ्ठी बघायचे, गठ्ठा चाळायचे. “न्हाई दिसत. पुढच्या सोमवारी या.”

असे चार सोमवार गेले. मी दर वेळी घरी येऊन सांगायची, “काम चाललंय.”

पाचव्या सोमवारी कारकून चष्मा घरी विसरून आले होते. “चिठ्ठी नको. नाव बोला, बाई.”

मी पदराचं टोक चावत उभी. मागं रांग वाढत गेली. एक म्हातारबुवा वैतागले, “आवं ताई, बोला की! माझी म्हस धारंला खोळंबलीया.”

मी डोळे मिटले आणि बोलले. इतक्या जोरात, की पाणीपट्टीच्या खिडकीपुढच्या दोन बायांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता तार येणार.

कारकुनांनी शिपायाकडून गठ्ठा चाळून घेतला. “ह्या नावाचा अर्जच न्हाई. घर कुणाच्या नावावर हाय?”

“सासऱ्यांच्या.”

“मग अर्ज त्यांचाच असणार. त्यांचं नाव बोला की!”

मी पदराचं टोक पुन्हा दातात धरलं. म्हातारबुवा म्हणाले, “एक सोडलं, आता दुसरं बी सोडा. लय येळ झाला.”

दुसरंही सोडलं. दोन मिनिटांत कागद निघाला. त्यावर लाल शाईत शेरा, पौषातलाच : उत्तरेकडील शेजाऱ्याची संमती जोडावी.

“हे कळवलं का नाही?”

“अर्जदार आलेच न्हाईत.”

“मी पाच वेळा आले!”

“तुमी आला. अर्जदार न्हाईत आले.”

उत्तरेकडचे शेजारी खंडाळ्याला लेकीकडं गेलेले. ते परतले तोवर होळी पेटून विझली होती. परवानगी रंगपंचमीनंतर आली. मालकांचं उत्तर आलं ते एका ओळीचं : ‘दुसऱ्याची रजा सुरू झाली, टेकू बदलून घे.’

टेकू बदलला. आणि रागारागात मी नगराध्यक्षांना अर्ज लिहिला. प्रत्येक अर्जाला नंबर द्यावा, नंबराची चिठ्ठी अर्जदाराला मिळावी, कोणकोणते कागद लागतात ते दारावर लावावं, काही उणं असेल तर घरी कळवावं. खाली झोकदार सही. कारकुनांनी तो वाचला, मान हलवली आणि माझ्या नावाच्या अक्षराच्या गठ्ठ्यात बांधून टाकला.

सहा महिन्यांत काम सुरू झालं नाही म्हणून परवानगी बाद. पुन्हा अर्ज, पुन्हा शिमगा जवळ. पण या खेपेला खरंच नंबराची चिठ्ठी मिळाली! माझ्या अर्जामुळं की कसं, कोण जाणे. मी मात्र पाणवठ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं की ही माझीच करणी.

सोमवारी ऐटीत गेले आणि बेचाळीस नंबरची चिठ्ठी पुढं केली. कारकुनांनी ती उलटीसुलटी पाहिली, टेबलावर ठेवली आणि गठ्ठ्यांकडं हात नेला.

“नंबर ऱ्हाऊ द्या. नाव बोला, बाई.”

मी बोलले. सासऱ्यांचं, नवऱ्याचं, आडनावासकट, एका दमात. वर स्वतःचंही सांगून टाकलं, तेवढं कुणी विचारलं नव्हतं.