तिसरा आग्रह

बातमी कळली ती लॉन्ड्री रूममध्ये, हातात ओल्या चादरी असताना. बिल्डिंगचा मॅनेजर म्हणाला, "तुमची प्रिन्सेस गेली." माझी म्हणे!

खानुम खरोखरच राजकन्या होत्या. इराणच्या जुन्या राजघराण्यातल्या. सत्ता उलटली तेव्हा तान्ह्या लेकीला घेऊन पळाल्या आणि शेवटची कितीतरी वर्षं इथे सांता क्लारात, माझ्या भिंतीपलीकडच्या वन-बेडरूममध्ये राहिल्या. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी चहा विचारला. नो. परत विचारला. नो, नो. मी नागपूरची, पाहुणा नको म्हणाला म्हणून ऐकायचं असतं का? तिसऱ्यांदा सरळ कपच पुढे केला. तो घेऊन म्हणाल्या, "तुला वळण आहे." त्यांच्यात तिसऱ्या आग्रहालाच हो म्हणायचं, त्याआधी म्हटलं की हावरटपणा.

हे वळण त्यांनी लेकीला कसं लावलं, तेही त्याच सांगायच्या. शिरीन पाच वर्षांची असताना पाहुण्यानं टॉफी दिली आणि पोरीनं लगेच तोंडात टाकली. खानुमनी भरल्या बैठकीत ती तिला तळहातावर थुंकायला लावली आणि पाहुणे जाईपर्यंत तसाच हात पसरून उभं केलं... "पुन्हा कधी चुकली नाही," म्हणत हसायच्या. मला मेलं हसू येईना. बाई कजागच होत्या, खोटं कशाला बोलू? माझ्या पोह्यांना कोंबड्यांचा दाणा म्हणायच्या आणि डिश चाटूनपुसून संपवायच्या. तरी जीव लागला होता.

डॉक्टरांनी आता थोडेच दिवस म्हटल्यावर मीच शिरीनला शिकागोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याआधी खानुमनी मला पलंगाजवळ खुर्ची ओढून ठेवायला लावली होती. लेक बसेल म्हणून.

"मम्मा, मी येऊ का?"

"नो, नो. तुला कामं असतील."

"शुअर? येऊ ना?"

"नो, शिरीनजान."

खानुमनी उशीवरून मान उचलली. डोळे फोनवर. मीही श्वास रोखून थांबले... विचार गं बाई, आणखी एकदाच विचार.

"ओके, मम्मा," शिरीन म्हणाली आणि फोन बंद झाला.

"लाइन गेली वाटतं," खानुम म्हणाल्या. त्यानंतर फोन त्यांनी हातातून सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्या मुठीतून नर्सनं काढला.

गेल्या आठवड्यात शिरीन घर रिकामं करायला आली. मला राहवलं नाही. म्हटलं, "त्यांना तू हवी होतीस."

"शी सेड नो," ती म्हणाली. मग हळूच, "ट्वाइस."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! माझ्या अंगाची आग आग झाली. ती त्याच खुर्चीत बसली होती, दिवसभराच्या आवराआवरीनं थकलेली, आपल्या तळहाताकडे बघत. मी खानुमच्या काचेच्या ग्लासात चहा ओतून पुढे केला.

"नो, थँक्स."

"घे गं."

"नो, आंटी."

आणि तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अगदी आईसारखं. वाट बघत.

मी चहा सिंकमध्ये ओतला, ग्लास विसळला आणि घरी घेऊन आले.