आईला सांग, असं बाई म्हणाल्या

"हिच्या डोक्यात दोन भाषांची खिचडी झालीय. विचार शिजणार कुठनं?"

बाई हे भर वर्गात म्हणाल्या. कोल्हापुरातलं शिक्षिकांचं ट्रेनिंग कॉलेज. एकीनं पाठ द्यायचा, मग बाकीच्यांनी गोल बसून तिच्या चुका काढायच्या, अशी तिथली रीत. त्या दिवशी मधे मी होते. वय अठरा. घर सीमेकडचं, निपाणीचं, कन्नड बोलणारं. कुणी काही विचारलं की मी थांबायची. उत्तर आधी घरच्या भाषेत तपासायची, मग मराठीत मांडायची.

"अक्का, उत्तर अजून निपाणीतच हाय काय? एस्टी चुकली जणू!" एक जण ओरडली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचीच जास्त लाज वाटली.

मग मी भराभर बोलू लागले. विचार न करता. त्याचं कौतुक झालं.

एका रविवारी आई भेटायला आली. तिला मराठी येत नव्हतं. व्हरांड्यात बाई भेटल्या. मला म्हणाल्या, "आईला सांग. तुझ्याशी कन्नड बोलणं बंद. त्या भाषेनं मुलगी मंद झालीय. हे ऐकलं नाही तर पुढचा पाठ मिळणार नाही."

पाठ नाही तर दाखला नाही. मग आईसारखीच तंबाखूची वखार.

आईला वाटलं, माझं कौतुक चाललंय. तिनं हसून बाईंना हात जोडले. मला विचारलं, "एन अंतार?" काय म्हणतात?

माझे कान तापले. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाईंना आईचं कळत नव्हतं, आईला बाईंचं. दोघींचं कळत होतं ते फक्त मला. आणि ज्या डोक्याला मंद ठरवलं, त्याच डोक्याकडनं बाईंना हा अपमान पोचवून घ्यायचा होता.

मी थांबले. कितीतरी दिवसांनी असं थांबले.

"सांगत नाही, बाई."

"काय म्हणालीस?"

"दोन्ही भाषा मला येतात. कुणाला काय सांगायचं ते मी ठरवणार."

पाठ मिळाला नाही. वर्ष गेलं. ते वर्ष वखारीत काढलं, मग परत येऊन दाखला घेतला. आईचे ते जोडलेले हात आठवले की आजही मान खाली जाते.

आता वर्ग माझा आहे. उत्तराआधी थांबणारी मुलगी थांबेल. तपासणीला साहेब येऊन बसले, तरी तेही थांबतील.